तार पंचायतीपर्यंत, वाडी सड्यावर

धनगरवाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठाराच्या, कडेशी एक मोठा काळा कातळ आहे. वाडीत त्याला 'रेंजचा धोंडा' म्हणतात. नदीपलीकडच्या टॉवरकडे तोंड करून त्यावर बसलं की फोनला दोन काड्या येतात. वाडीतल्या चौदा घरांपैकी एकाही घरात त्या येत नाहीत. २६ मे २०२५ रोजी सकाळी अकरापासून एक मुलगी त्या धोंड्यावर बसून होती. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात आईचा फोन, आणि फोनवर दुधाची धुतलेली पिशवी. पिशवीवरूनच बोट फिरवून ती अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बघत होती.

त्या वर्षी पहिल्यांदाच अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आमच्याकडे दाखला, गुणपत्रिका आणि पालक घेऊन कॉलेजच्या खिडकीवर जायचं, की काम व्हायचं. दहावीचा निकाल १३ मे ला लागला. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती, पण पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नवी तारीख पडली २६ मे. त्यात पाऊस त्या वर्षी लवकर आला. २५ ला तळकोकणात, २६ ला थेट मुंबईत. अर्ज आणि पाऊस असे एकाच दिवशी धोंड्यावर आले.

ओटीपी यायचा, पण तो टाकायचं पान उघडायचं नाही. पान उघडलं तर ओटीपीची मुदत संपलेली. दाखल्याचा फोटो चढवताना गोल फिरत राहायचा. दोन वाजता ती उतरली आणि अडीच कोस चालत माझ्या घरी आली. मी गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, ती माझीच विद्यार्थिनी. मधल्या वाडीत, पंचायतीपासून हाकेच्या अंतरावर माझं घर आहे आणि घरात वायरचं इंटरनेट आहे. तिचे पाय पुसून होईपर्यंत लॅपटॉप सुरू झाला. पहिला भाग, शंभर रुपये शुल्क, दुसऱ्या भागातली पसंतीची कॉलेजं, सगळं मिळून वीस मिनिटं. एका गावातल्या दोन घरांत एवढं अंतर. शिकवून पोट भरणाऱ्या मला त्याची लाज वाटली. त्याच रात्री मी एक वही सुरू केली. हे प्रकरण त्या वहीतलं आहे.

गाव म्हणजे नक्की काय

बाहेरच्या माणसाला आधी कोकणातलं गाव समजून घ्यावं लागेल. देशावर गाव म्हणजे एका ठिकाणी बसलेली वस्ती. आमच्याकडे गाव म्हणजे दहा-बारा वाड्या, मध्ये वहाळ, घाटी, आंब्या-काजूची कलमं, कातळ. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वर तालुक्यातलं. पंचायत, शाळा, दुकानं, रिक्षा, देऊळ हे सगळं मधल्या वाडीत. गवळी-धनगरांची वाडी सर्वांत वर, सड्यावर, गुरांना चारा मिळतो म्हणून. रस्ता तिथे सर्वांत शेवटी गेला, नळाचं पाणी अजून पावसाळ्यापुरतंच चढतं. तेव्हा इंटरनेट शेवटी पोचणार, यात वाडीला नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं असं माझं मत आहे, कारण रस्त्यासाठी डोंगर फोडावा लागतो, आणि इंटरनेटची तार म्हणजे केसाएवढी काच आहे.

आता सरकारी हिशोबात हे गाव 'जोडलेलं' आहे, आणि ते खोटंही नाही. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने, म्हणजे याच काचेच्या तारेने, जोडायची योजना केंद्राने २५ ऑक्टोबर २०११ ला मंजूर केली. २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. २०१७ च्या डिसेंबरपर्यंत पहिल्या एक लाख पंचायती झाल्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा २ लाख १४ हजारांच्या पुढे गेला होता. हे लहान काम नाही. जवळपास सात लाख किलोमीटर फायबर टाकलं गेलं. पण त्याच वेळी या तारेवरून घरांत दिलेल्या जोडण्या होत्या सव्वाबारा लाखांच्या आसपास. भागाकार करून बघा. एका पंचायतीमागे सहासुद्धा घरं येत नाहीत.

आमच्या पंचायतीतही ती तार आहे. जुन्या ऑफिसच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे, त्यात बॅटऱ्या आणि एक पांढरी पेटी. योजनेचं मोजमाप पंचायत होतं, म्हणून पेटी पंचायतीत आली आणि काम पुरं झालं. वाडी हे मोजमापच नव्हतं. महसुली नकाशावर गाव एक, त्यामुळे धनगरवाडीपर्यंत तार गेली नाही हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण वाडीसाठी तक्त्यात रकानाच नाही.

लाल दिवा

पांढऱ्या पेटीवर पाच-सहा बारीक दिवे असतात. हिरवे लागले म्हणजे ठीक. एक दिवा लाल लुकलुकला, म्हणजे तारेतून प्रकाश येत नाही. आमच्या पेटीवर तो २०२५ च्या मार्चपासून लुकलुकत होता. सड्यावर वणवा लागला, तालुक्याकडून येणारी तार खांबांवरून गवताच्या अंगाने जात होती, खांबाखांबांमधले तारेचे तीन गाळे जळाले. अर्ज भरायच्या वेळी धनगरवाडीची मुलगी पंचायतीतल्या सेवा केंद्रात आधी जाऊन आली होती, हे मला मागाहून कळलं. तिथला संगणक परिचालक स्वतःच्या मोबाइलवर हॉटस्पॉट लावून दाखले काढत होता.

जूनमध्ये दुरुस्तीचा मुलगा आला तेव्हा मी शाळा सुटल्यावर मुद्दाम जाऊन बसले. त्याने तारेचं टोक पुसून छोट्या मीटरला लावलं. "उणे एकतीस," म्हणाला. प्रकाशाचं हे माप उण्यात असतं. साधारण उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेलं की पेटीला काही दिसत नाही. मग त्याने बाहेर पडवीत टेबल मांडलं, पाऊस लागू नये म्हणून वर छत्री बांधली. तारेचं प्लास्टिक सोललं, आतली काच स्पिरिटने पुसली, कटरवर ठेवून टक्कन तोडली. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन दांड्यांएवढी दिसत होती. मशीनने त्यांना आपोआप एका ओळीत आणलं, ठिणगी पडली, दोनाची एक झाली. काम दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांसाठी पंचायत अडीच महिने थांबली होती, कारण त्याच्या वाट्याला अनेक तालुके आणि मशीन एक.

"वणवा एकदाच लागतो बाई," तो म्हणाला. "वानरांचं काय करायचं? वायरीवर झोके घेतात. आणि पावसात झाड पडलं की परत मीच."

हे मी रागाने लिहीत नाही, त्या मुलाबद्दल तर नाहीच. जमिनीतून तार न्यावी तर खाली जांभा, चर मारायलाच जीव जातो. खांबांवरून न्यावी तर वणवा, वानर आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे कितीतरी दिवस ना वीज होती ना फोन. कोकणात तार टाकणं हा एकदाचा खर्च नाहीच. तिला दरवर्षी शाकारावं लागतं, जुन्या कौलांसारखं. पहिल्या टप्प्यांत टाकण्याचा पैसा होता, शाकारणीचा नव्हता, असं माझं मत बनलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचं. त्यात दहा वर्षांची देखभाल धरली आहे, दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी द्यायचं उद्दिष्ट आहे, आणि सरळ एका ओळीत गेलेल्या तारेऐवजी कडं करायचं ठरलं आहे. कडं असलं की एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश पोचतो. तिन्ही गोष्टी योग्य आहेत. मार्चच्या वणव्यात आमच्याकडे कडं असतं तर लाल दिवा लागलाच नसता. धनगरवाडीचा प्रश्न मात्र तरीही उरला असता, कारण कडं पंचायतींचं आहे.

एका घराचा हिशोब

आता त्या मुलीच्या घरात जाऊ. आई, आजी, मुलगी, आठवीतला भाऊ. वडील चिपळूणला कामाला, महिन्यातून दोनदा येतात. तीन म्हशी, चौदा-पंधरा शेळ्या. घरात स्मार्टफोन एक, साधा बटणांचा एक.

आईच्या फोनवर २९९ चं रिचार्ज असतं, २८ दिवस, रोज दीड जीबी. २०२४ च्या जुलैत कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा हेच २३९ चं २९९ झालं. आईला आकडे पाठ आहेत. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा महिने होतात हे मला तिने सांगितलं, मी तिला नाही. "दूध महिन्याच्या हिशोबानं घालतो आम्ही, कंपनी अठ्ठावीस दिवसाचा महिना करते," ती म्हणाली. तेरा रिचार्ज, ३,८८७ रुपये. प्रत्यक्षात ती नऊ किंवा दहाच मारते. पावसाळ्यात गुरांच्या औषधाला पैसा गेला की फोन पंधरा-वीस दिवस नुसता येणाऱ्या कॉलवर राहतो.

मी तिच्या फोनमधला वापर उघडून बघितला. २८ दिवसांत विकत घेतलेले ४२ जीबी, वापरलेले ६. उरलेले घरात रेंज नाही म्हणून रोज रात्री बारा वाजता मरतात. तिला एक जीबी पन्नास रुपयांना पडला. माझी वायरची लाईन ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४७१ रुपये. माझ्याकडे त्या महिन्यात १८० जीबी वापर झाला होता. मला एक जीबी अडीच-पावणेतीन रुपयांना. पगार माझा जास्त, आणि वस्तू मला स्वस्त.

मग तिने वायरची लाईन घेतली तर? मी उत्साहाने हा हिशोब घेऊन गेले आणि तिथे माझी चूक झाली. रिचार्ज तिला थांबवता येतं. म्हैस आटली, पैसे नाहीत, या महिन्यात नको. वायरचं बिल असं मध्येच थांबवलं की लाईन तुटते आणि परत जोडायला पुन्हा पैसे. शिवाय वायर आली म्हणून फोनचं रिचार्ज सुटणार नाही, वडिलांचा फोन आणि गॅसचा ओटीपी त्यावरच येतो. गरीब घर तुकड्या-तुकड्याने महाग विकत घेतं ते अडाणीपणाने नाही. तुकडा थांबवता येतो म्हणून. परवडणं या शब्दात हे धरल्याशिवाय कुठलीही योजना त्या घरात टिकणार नाही.

सरकारी पाहणीत हे घर कुठे बसतं तेही बघितलं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. २०२५ च्या पाहणीत देशातल्या ८६ टक्क्यांहून जास्त घरांत इंटरनेट आहे असं आलं. वाढ खरी आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण ती जवळजवळ सगळी खिशातल्या फोनमधून आली आहे. वायरवरच्या जोडण्या देशात चार-पाच कोटींच्या आसपास, मोबाइलवरच्या नव्वद कोटींच्या पुढे. धनगरवाडीतलं हे घर रिचार्ज असलेल्या महिन्यात त्या ८६ टक्क्यांत मोजलं जाईल, धोंड्यासकट.

दीड किलोमीटर

मग आम्ही काय केलं. जूनमध्ये वाडीच्या बायकांनी, बचत गटाच्या बैठकीत, एक मागणी ठरवली. घराघरांत नको, आधी अंगणवाडीत एक लाईन द्या. चार घरं अंगणवाडीला लागून आहेत. बाकीच्यांनी येऊन बसावं, बिल वाटून घ्यावं. ४७१ रुपये चौदा घरांत वाटले तर घरटी ३४ रुपये.

याला कायद्याची वाटही आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी नावाची पद्धत मंजूर केली. गावातला किराणावाला किंवा चहावाला, कुठलाही परवाना न काढता, आपल्या लाईनवरून पाच-दहा रुपयांची वायफाय कुपनं विकू शकतो. आधी अशा दुकानदाराकडून कंपन्या व्यापारी दर मागायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवलं की २०० एमबीपीएस वेगापर्यंतच्या घरगुती फायबर लाईनचा जो दर, त्याच्या दुपटीहून जास्त त्याला लावता येणार नाही. म्हणजे तुकड्याने विकत घ्यायचं आणि थांबवता यायचं, ही त्या आईची दोन्ही गणितं इथे बसतात. वाडीत एक छोटं दुकान आहे, बिस्किटं, तंबाखू, रिचार्ज. ती बाई तयार होती.

अडलं ते मधल्या वाडीपासून सड्यापर्यंतच्या तारेवर. गावच्या केबलवाल्याला मी घेऊन गेले. तो चालत चढला, मोजत आला. त्याची शेवटची पेटी सुतारवाडीत आहे. तिथून खांबांच्या ओळीने धनगरवाडी दीड किलोमीटर. मध्ये एकही गिऱ्हाईक नाही, नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. वायर, कड्या, दोन पेट्या, मजुरी धरून त्याने कागदावर एक आकडा लिहिला आणि कागद मला दिला नाही, खिशात घातला. "बाई, मी धंदा करतो, तुमचा मान आहे म्हणून आलो," म्हणाला. "चौदा घरांत चार लाईनी चालतील. वणवा लागला की माझी सगळी वसुली जळाली." त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बचत गटाच्या बायकांनी विषय मांडला. वरच्या वाडीच्या बायका ग्रामसभेत उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. सरपंच चांगल्या आहेत, विरोध कुणीच केला नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकू? नळपाणी योजनेला शीर्ष आहे, पथदिव्याला आहे, पाखाडीला, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेला, आहे, स्मशानशेडला आहे. वाडीला इंटरनेट न्यायला त्यांच्याकडे शीर्ष नव्हतं. खांब दुसऱ्याचे, म्हणजे त्यांची परवानगी वेगळी. ठराव झाला, इतिवृत्तात आहे, वर पाठवला आहे.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट दिसायला लागली. केंद्राची तार पंचायतीपर्यंत, ती कुणाची आहे ते ठाऊक आहे. घरातला राऊटर घरवाल्याचा, तेही ठाऊक आहे. मधल्या दीड किलोमीटरला धनी नाही. बाजाराला तिथे गिऱ्हाईक दिसत नाही, योजनेला रकाना दिसत नाही, पंचायतीला शीर्ष दिसत नाही. तीन प्रामाणिक माणसं भेटली, तिघांनीही आपापल्या जागी खरं सांगितलं, आणि तार सुतारवाडीतच राहिली. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या दाव्यात इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तिच्या वसतिगृहाने ठरावीक वेळेत मोबाइलवर बंदी घातली होती, त्यामुळे ज्याने बंदी घातली त्याच्यावर बोट ठेवता आलं. धनगरवाडीच्या मुलीवर कुणीच बंदी घातलेली नाही. तिने दावा लावायचा तर कुणावर?

मला विचाराल तर उत्तर पाखाडीसारखं आहे. पाखाडी नफा देत नाही म्हणून कुणी ती बांधायची थांबत नाही. वाडीपर्यंतची तार पंचायतीच्या मालकीची करावी, तिच्या शाकारणीचा खर्च नळपाण्याच्या शाकारणीसारखा दरवर्षी अंदाजपत्रकात धरावा, गावातल्याच एका मुलाला जोडकाम शिकवून मशीन तालुक्याला नव्हे तर चार-पाच पंचायतींत मिळून एक द्यावं. मग तिच्यावरून सेवा हवी त्या केबलवाल्याने द्यावी. त्याला दीड किलोमीटर ओढायचं नसेल तर चार गिऱ्हाइकांतही त्याचं भागतं, हे त्यानेच कबूल केलं आहे.

सप्टेंबरात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी निघालं, स्वतःचा आधार आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, दोन्हीकडे ओटीपी. दुपारी गुरं आडोशाला बसली की वाडीतल्या बायका धोंड्यावर जमायच्या. एकीला ओटीपी यायचा तेव्हा तिचा नवरा चिपळुणात, फोन उचलेना. मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली म्हणून निभावलं.

मुलीला अकरावी विज्ञानला प्रवेश मिळाला, तालुक्याच्या गावी. संध्याकाळी साडेपाचच्या एसटीआधी स्टँडवर तिला पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात ती मैत्रिणीच्या हॉटस्पॉटवरून भौतिकशास्त्राचे व्हिडिओ उतरवून घेते आणि रात्री घरी बघते. मधेच अडलं तर दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचपर्यंत अडलेलंच राहतं.

दिवाळीनंतर वाडीच्या मुलांनी धोंड्याशेजारी चार बांबू रोवले, वर निळं ताडपत्रीचं कापड ताणलं आणि पडक्या गोठ्याचे चिरे आणून बसायला ओटा केला. आजीसुद्धा आता तिथपर्यंत येते. तिच्या मुलाचा फोन रविवारी सकाळी येतो.